टोपीखालचा हुंकार

दुपारी बाराची फेरी संपवून बोट धक्क्याला लागली, की उतरणारे उतरत नसत आणि धक्क्यावरचे मात्र धावत चढत. डेकच्या मधल्या फळ्या सरकवलेल्या असत. खाली इंजिन, इंजिनाशेजारी आसन, आसनावर गुंजनबाबा, आणि वर फळ्यांच्या कडेला ओणवी झालेली शे-दीडशे माणसं. मागच्यांना काहीच दिसत नसे. पण चमत्काराच्या बाबतीत ज्याला कमी दिसतं तो जास्त सांगतो, म्हणून मागच्या रांगेलाही मागणी होती.

"बंद करा!" बाबा हात वर करत.

इंजिन बंद होई. धडधड थांबे, पायाखालची थरथर थांबे, पाण्याची चुबुकचुबुक तेवढी ऐकू येई. आणि मग त्या विझलेल्या, थंडावत चाललेल्या लोखंडातून एक बारीक, गोड, सलग आवाज निघे. हूंऽऽऽऽ.

"ऐका!" बाबा गहिवरून म्हणत. "देह थांबला, देही बोलतो आहे! हा नुसता नाद नव्हे, नादाचा गाभा आहे! गाभ्याचा अर्क आहे! अर्काचा..." इथे पुढचा शब्द त्यांना कधीच सापडत नसे. मग ते मान खाली घालून आपल्या तळहाताकडे पाहत राहत. लोकांना वाटे, समाधी लागली.

थोड्या वेळाने बाबा ताडकन मान वर करत. "मिस्त्री, पुरे! शांत व्हा!"

आणि हुंकार थांबे. पाठ केल्यासारखा, हुकमासरशी.

वरून एक मोठा उसासा खाली येई. कुणी फुलं टाकी, कुणी नाक ओढी. मग तेल मोजायची पट्टी इंजिनातून बाहेर काढून बाबा काळ्या तेलाचं एकेक बोट प्रत्येकाच्या गुडघ्याला लावत. गुडघे बरे होत की नाही हे कळायला मार्ग नव्हता. कारण तेलाचे डाग धुता धुता नवीन दुखणी लागत आणि जुनी विसरली जात.

या सगळ्यात एक बाई इंजिनाच्या अगदी जवळ, छोट्या स्टुलावर बसलेली असे. तिला अख्खा धक्का 'वहिनी' म्हणे. कारण इंजिनातून जो बोलतो असं लोक म्हणत, तो मिस्त्री तिचा नवरा. सात महिन्यांपूर्वी, छातीत कळ येऊन, एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला होता. निरोपाचे दोन शब्दही बोलला नव्हता. म्हणून वहिनी रोज दुपारी पदर सावरून तिथे येई आणि ते हूंऽऽ कानांत साठवून घेई. तीस वर्षांच्या संसारात नवरा तिच्याशी फारसा बोलला नव्हता. आता रोज बोलत होता. हुंकाराच्या पलीकडे काही म्हणत नव्हता, पण तो जिवंतपणीही बहुतेक प्रश्नांना 'हूं' एवढंच म्हणे. ओळख पटायला आणखी काय हवं?

*

चमत्काराची सुरुवात वहिनीच्या दिरापासून झाली. भाऊजी आधी मालट्रकांची इंजिनं बघत. भाऊ गेल्यावर बोटीचं इंजिन त्यांच्या गळ्यात पडलं. पहिल्याच दुपारी त्यांनी ते बंद केलं, शांतता झाली आणि हूंऽऽ ऐकू आलं. भाऊजी तीन पायऱ्यांची शिडी एका उडीत चढून वर आले. "दादा बोलतोय!"

त्यांचंही अगदीच चुकलं नव्हतं. दादाची एक सवय सगळ्यांनी पाहिलेली होती. इंजिन बंद केलं की मिस्त्री एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेई. त्याचं टोक इंजिनाच्या बाजूला असलेल्या घुमटासारख्या टोपीवर टेकवी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. ओठ हलत असत. मग डोळे उघडून समाधानाने म्हणे, "बोलतोय." लोकांना वाटे, माणूस भाविक आहे, इंजिनाशीसुद्धा नामस्मरण करतो. कुणी कधी विचारलं नाही आणि मिस्त्रीला कुणी विचारल्याशिवाय सांगायची सवय नव्हती.

गुंजनबाबा या बोटीत साधे उतारू म्हणून आले होते. पलीकडच्या काठावर त्यांना काम होतं म्हणे. हुंकार ऐकला, वहिनीचे डोळे पाहिले, आणि पलीकडचं काम त्यांनी कायमचं रद्द केलं.

*

अशातच वहिनीची लेक आठ दिवसांच्या सुट्टीवर आली. दूरच्या शाळेत ती विज्ञान शिकवी. पहिल्या दुपारी ती आईच्या शेजारी उभी राहिली. हात जोडले नाहीत, हसलीही नाही. फक्त बघत राहिली.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, बाबा घड्याळ उलटं का बांधतात? तबकडी तळहाताकडे?"

"साधुपुरुषांना काळाचं भान नसतं."

"मग बांधलंच कशाला?"

"तू आल्या आल्या सुरू होऊ नकोस हं!" वहिनीने भांडं जरा जोरात ठेवलं.

धक्क्यावरच्या वर्कशॉपवर दोन खोल्या होत्या. मिस्त्रीने स्वतः रंगवलेल्या. एका खोलीच्या खिडकीतून बोट दिसे, दुसरीतून बोटीची वाट बघणारे. लेकीला त्या दोन खोल्यांत काहीतरी वेगळं जाणवलं. कपाट अर्धं रिकामं होतं, भिंतीशी बांधलेली गाठोडी होती.

"हे काय? कुठे निघालीस?"

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तुझ्याकडेच येणार होते. बाबा म्हणतात, ह्यांचा जीव या खोल्यांत अडकलाय. भांडी, कपडे, माझी उठबस, यानं त्यांना सुटता येत नाही. खोल्या मोकळ्या केल्या, बाबा इथं साधनेला बसले, तर ह्यांना गती मिळेल."

"म्हणजे बाबांना नदीकाठच्या दोन खोल्या मिळतील."

"तुझी जीभ फार चालते. अगं, मला तरी कुठं जायचंय? पण आवाज कमी होत चाललाय गं. आधी किती वेळ बोलायचे हे! आता सुरू झाले म्हणेपर्यंत संपतात. थकलेत. बाबा म्हणतात, ज्या दिवशी हुंकार मुका होईल त्या दिवशी बोट भर नदीत बंद पडेल."

लेक गंभीर झाली. "हे एक वाक्य मात्र बाबा खरं बोलले."

"बघ! तूही मानतेस!"

"बोट बंद पडेल एवढंच मानते. काका सांगत होते, तेल बदललं की महिन्याभरात डांबर होतं. तेलाच्या दाबाचा काटा खाली खाली चाललाय. इंजिन आतून झिजतंय, आई. आणि ती टोपी कुणी उघडून बघतच नाही."

"उघडायची नाही! गाभारा आहे तो. उघडला की हे निघून जातील."

रात्री जेवताना दोघी मिठाविषयी बोलल्या.

*

आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. बोट बांधलेली, धक्का रिकामा, बाबा पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी घरी मुक्कामाला. वहिनीला नवऱ्याच्या वस्तू आवरायच्या होत्या. लेकीला घेऊन ती इंजिनखोलीत उतरली. भाऊजी आधीच तिथे फडकं घेऊन बसले होते. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसत होते.

कोपऱ्यात लाकडी कपाट होतं. दार उघडलं तर आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांच्या रांगा, कडेला बारीक तारखा. ९३, ९०, ८४, ७७, ६९. मग एकदम ९४. पुन्हा ९१, ८५, ७८, ७०. मग ९२. अशा कितीतरी.

"हे बाबांनी पाहिलेत," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "बीजांक म्हणतात त्यांना. ह्यांना मरणाची चाहूल लागली होती. आकडे उतरत जातात ना, ते आयुष्य."

"दर दोन-तीन महिन्यांनी आयुष्य पुन्हा चढतं वाटतं?" लेक म्हणाली.

भाऊजी खुदकन हसले आणि वहिनीने पाहताच फडक्यात तोंड लपवलं.

वहिनीने खालच्या कप्प्यातली हत्यारांची पेटी ओढली. पाने, पकडी, तारेचे तुकडे. आणि सगळ्यांच्या तळाशी, जुन्या कापडात नीट गुंडाळलेलं काहीतरी लाकडी. तिने कापड सोडवलं आणि तिचा चेहराच बदलला.

"माझं उलथणं!"

"कसलं उलथणं?"

"अगं, अकरा वर्षांपूर्वी हरवलेलं! चांगल्या चिवट लाकडाचं. मी जाऊबाईंवर आळ घेतला. वर्षभर बोलले नाही त्यांच्याशी!"

"वर्षभर नाही, वहिनी, दीड," भाऊजी पडेल आवाजात म्हणाले. "घरी मला दीड वर्ष ऐकावं लागलं."

उलथण्याचं पातं आता सरळ नव्हतं. एका बाजूने घासून घासून छान गोलाईत झिजलं होतं, आणि काळं कुळकुळीत झालं होतं. वहिनीने ते उलटसुलट करून पाहिलं. स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईला उलथण्याकडे बघून कळतं, ते कुठल्या भांड्यात फिरलं आहे. हे कढईत फिरलेलं नव्हतं, तव्यावरही नाही. उभ्या, गोल, खोल भांड्याच्या आतल्या अंगावरून फिरलं होतं.

तिची नजर पुन्हा दारावर गेली. आकडा जिथे जिथे उडी मारून वर जात होता, तिथे त्याच्या शेजारी मिस्त्रीने एक बारीक चित्र काढलं होतं. दांडी आणि पातं.

वहिनी स्टुलावर बसली.

"हे आकडे कधीचे गं?"

"अकरा वर्षांचे. शेवटचा, माझे बाबा गेले त्या आठवड्यातला."

"म्हणजे हे असताना लिहिलेले."

"हो."

"इंजिन बंद करून हे स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचे. ओठ हलायचे. जप नव्हता तो. मोजत होते." वहिनी हळूहळू, एकेक शब्द टाकत बोलत होती, जणू अंधाऱ्या जिन्यावर पाय चाचपत होती. "आवाज किती वेळ येतो ते. म्हणजे आवाज तेव्हाही येत होता."

तिची नजर टोपीवर गेली.

"हे बाहेर उभं राहून ऐकत होते," वहिनी म्हणाली, "तर मग आत कोण बोलत होतं?"

लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. वर्गात कधी कधी एखादं मूल स्वतःच उत्तरापाशी पोचतं, तेव्हा मास्तरणीने गप्प बसायचं असतं.

वहिनीने डोळे पुसले, पदर खोचला आणि उलथणं हातात घेऊन उभी राहिली. "भाऊजी, टोपी उघडा."

"मी? वहिनी, दादा..."

"तुमचा दादा दर तीन महिन्यांनी माझ्या उलथण्याने हे खरवडत होता. तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. स्वभावच तो. उघडा म्हणते ना!"

भाऊजींनी देवाचं नाव घेतलं आणि पाना लावला. टोपीचा माथ्यावरचा नट सुटला, टोपी वर उचलली. आत आत्मा नव्हता. मोठ्या तांब्याएवढं धातूचं भांडं होतं, मधल्या दांडीवर बसवलेलं. लेकीने ते अलगद काढून उलटं केलं. बुडाला दोन बारीक भोकं होती, एकमेकांच्या उलट दिशेला तोंड केलेली.

"बागेत पाणी उडवणारं फिरतं कारंजं असतं ना, तसं. इंजिनाचा पंप दाबाने तेल आत ढकलतो. ते या दोन भोकांतून चिळकांडीसारखं सुटतं आणि भांडं गरगर फिरतं. मिनिटाला हजारो वेळा. इंजिन बंद झालं तरी जोर असतो, म्हणून थोडा वेळ फिरत राहतं. तो हुंकार."

"आणि मी कागदाची गाळणी दर वेळी बदलतोय ती?" भाऊजींनी विचारलं. "मला वाटलं, एक गाळणी असली की झालं. ही टोपी म्हणजे शोभेची."

"कागद मोठे कण अडवतो, काका. काजळी इतकी बारीक असते की कागदातून सरळ पलीकडे जाते. हे भांडं अडवत नाही, भिरकावतं. ओली छत्री गरकन फिरवली की थेंब उडून भिंतीवर बसतात, तशी तेलातली जड घाण या भिंतीवर जाऊन बसते. स्वच्छ झालेलं तेल परत इंजिनात. यात तुंबून बदलायला कागद नाही, फेकायला काही नाही. फक्त खरवडायचं. तेल जास्त टिकतं, इंजिन कमी झिजतं. पण भांडं भरलं, भोकं तुंबली, की फिरणं मंदावतं. मग आकडा उतरतो."

वहिनीने भांड्याचं झाकण काढून आत पाहिलं. आतल्या भिंतीवर बोटभर जाड काळा थर बसला होता, रबरासारखा घट्ट. सात महिन्यांची काजळी आणि झीज. मधे तेलाला जायला जेमतेम वाट उरली होती.

तिने उलथणं आत घातलं. पातं भिंतीवर असं चपखल बसलं, की तिला हुंदका आला. अकरा वर्षं तो इथे, याच जागी, याच दांडीला धरून बसत होता. तिची मूठ जिथे पडायची तिथेच त्याची मूठ पडली होती. थराचं वेटोळं सुटून एक अख्खी काळी वडी बाहेर आली. मग दुसरी. लेकीने तारेने भोकं मोकळी केली. भाऊजींनी भांडं धुतलं, त्यावरच्या खुणा नीट एका रेषेत जुळवल्या आणि टोपी बसवली.

"आई," लेक हलकेच म्हणाली, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय. तिथं हे असते तर बरं झालं असतं." वहिनीने उलथणं कापडात गुंडाळलं. "पण नाहीत. आणि नसलेल्या माणसाच्या नावावर इंजिन मरू द्यायचं, हे ह्यांना मुळीच चाललं नसतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बाबांनी आदल्या आठवड्यात मोठी घोषणा केली होती, की आता हुंकार शेवटाला आला आहे आणि वहिनी आजच खोल्यांची किल्ली ठेवणार आहे. नवा हुंकार बाबांच्या कानी आधीच पडू नये म्हणून भाऊजींनी सकाळपासून दोन्ही काठांवर इंजिन चालूच ठेवलं होतं, एकदाही बंद केलं नव्हतं.

"बंद करा!"

इंजिन थांबलं. आणि हुंकार आला. आज तो असा खणखणीत आला, की मागच्या रांगेलाही खरोखर ऐकू गेला.

"ऐका!" बाबा म्हणाले. "नादाचा गाभा! गाभ्याचा अर्क! अर्काचा..." मान खाली, तळहाताकडे. अडतीस सेकंद झाले. मान ताडकन वर. "मिस्त्री, पुरे! शांत व्हा!"

हूंऽऽऽऽ.

"मिस्त्री! शांत व्हा!"

हूंऽऽऽऽ.

बाबांनी घड्याळ हलवून पाहिलं, कानाला लावलं. "आज... आज आत्मा जरा हट्टाला पेटला आहे."

वरून बोटीचा म्हातारा कप्तान म्हणाला, "बाबा, तो जिवंतपणी माझं ऐकत नव्हता, तुमचं काय ऐकणार!"

पहिलं हसू फुटलं. बाबांनी दोन्ही हात पसरले आणि कुणालाही न कळणाऱ्या भाषेत आज्ञा केली. हुंकाराला ती भाषाही येत नव्हती.

तेव्हा वहिनी स्टुलावरून उठली. तिने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक टोपीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. ज्यांनी मिस्त्रीला तसं उभं राहिलेलं पाहिलं होतं, त्यांच्या अंगावर काटा आला.

"बाबा, बसा," ती डोळे न उघडता म्हणाली. "अजून वेळ आहे. सत्तर... एकाहत्तर..."

आता ती मोठ्याने मोजत होती. वरून लेकीने सूर लावला, मग कप्तानाने, मग सगळ्या डेकने. एखाद्या भजनाला टाळ्यांचा ठेका धरावा तसा आकड्यांना ठेका धरला गेला. नव्वदला आवाज बारीक झाला.

"त्र्याण्णव... चौऱ्याण्णव. आता थांबेल."

थांबला.

आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. पुढच्या रांगेतली एक आजी हात जोडून ओरडली, "वहिनीच्या अंगात आलं!" फुलं बाबांवरून वहिनीकडे वळली. दोघं-तिघं तर पायांवर डोकं ठेवायला शिडी उतरू लागले. गुडघे उघडे करून तयारसुद्धा.

"अहो, थांबा!" वहिनी खरंच चिडली. "अंगात काही आलेलं नाही. हातात आलंय, ते बघा!" तिने एका हाताने उलथणं आणि दुसऱ्या हाताने ती काळी वडी वर धरली. "हा तुमचा आत्मा. इंजिनातली घाण. आत एक भांडं फिरतं, ती घाण भिंतीवर फेकतं, आणि इंजिन थांबलं तरी जरा वेळ गरगरत राहतं. भांडं भरलं होतं म्हणून अडतीसला थांबत होतं. बाबांनी ते घड्याळावर मोजलं आणि हुकूम म्हणून विकलं. काल मी खरवडलं, आता चौऱ्याण्णवला थांबतं. उद्या तुम्ही कुणीही 'थांब' म्हणा, चौऱ्याण्णवलाच थांबेल. खोटं वाटत असेल तर इंजिन थांबवून, आवाज पुरता विझल्यावर, भाऊजी टोपी उघडून दाखवतील. एकेकाने या."

शिडीवरचे लोक जागच्या जागी थिजले. मग कप्तान स्वतः खाली आला, उघडलेल्या टोपीत डोकं घालून त्याने भांडं बघितलं, आणि वर मान करून म्हणाला, "या की! उगाच सात महिने गुडघे रंगवलेत!"

मग मात्र रांग लागली. आतापर्यंतच्या रांगांत कुणाला काही दिसत नव्हतं. या रांगेतल्या प्रत्येकाला दिसलं. त्या गडबडीत गुंजनबाबांना पलीकडच्या काठावरचं जुनं काम आठवलं असावं, कारण दुपारच्या फेरीला ते सर्वांत आधी बोटीत बसलेले होते. त्यांना कुणी अडवलं नाही. फक्त त्यांच्या शेजारच्या माणसाने त्यांना वेळ विचारली.

"देवाला मी रोज आळवते, पुढेही आळवीन," संध्याकाळी गाठोडी सोडता सोडता वहिनी लेकीला म्हणाली. "पण देवाला बोलायला तेलाच्या भांड्यात बसावं लागत नाही. ज्याची टोपी उघडता येते ती आधी उघडून बघावी, आतलं खरवडावं, आणि मग निवांत हात जोडावेत. हात जोडलेले असले की पाना धरता येत नाही गं."

"चल, हे मी फळ्यावर लिहिते."

"आणि जाऊबाईंना जेवायला बोलव उद्या. दीड वर्षाचं देणं आहे माझं."

झोपण्यापूर्वी ती पुन्हा खिडकीशी गेली. खाली बोट पाण्यावर हलत होती. इंजिनखोलीतल्या कपाटाच्या दारावर, नवऱ्याच्या शेवटच्या आकड्याखाली, तिने दुपारीच पेन्सिलीने लिहिलं होतं: ९४. शेजारी एक छोटंसं उलथणं काढलं होतं. तिला चित्रं काढता येत नसत, पण दांडी आणि पातं कळत होतं. भाऊजींना, आणि त्यांच्यानंतर जो कोणी येईल त्याला, तेवढं पुरे होतं.